सोलापूरच्या बंद दगडखाणी : बुजवायच्या की तिथं पायवाट करायची?

सकाळचा फिरस्ता (धागाकर्ता)
शहराबाहेरच्या बंद दगडखाणींकडे आपण राडारोडा टाकायची जागा म्हणून बघतो. माझं म्हणणं, त्या बुजवू नयेत. रविवारी सकाळी दोन-तीन तास देणारी माणसं जमली, तर वेडी बाभूळ काढून, प्लास्टिक उचलून एखाद्या खाणीच्या कडेनं चालायची वाट करता येईल.

जुन्या खाणीची भिंत जवळून बघा. काळ्या पाषाणात एका ओळीत चौकोनी खाचा दिसतात. त्यात लोखंडी पाचरी बसवून दगड फुटेपर्यंत घण घालायचे. जिथं नंतर सुरुंग लावले, तिथं भोकांचे उभे पन्हळ उरलेत. हातकाम आणि यंत्रकाम एकाच भिंतीवर! आणि हा दगड म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. पोरं दख्खनचं पठार पुस्तकात वाचतात, ते इथं हाताला लागतं.

गुरुग्रामला खाणकामानं ओरबाडलेल्या सुमारे 390 एकरांवर 2010 पासून नागरिकांनी आणि शाळांनी स्थानिक झाडं लावली. आज तिथं अरवली जैवविविधता उद्यान आहे, लोक रोज फिरायला जातात. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या कथील-तांब्याच्या खाणींना 2006 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवलं. खनिज वाहणाऱ्या जुन्या रुळांच्या मार्गांवर आता लोक चालतात, सायकली चालवतात. मग सोलापुरात का नको?

जुळे सोलापूरकर
नको, कारण पोरं बुडतात. पावसाळ्यात खाण भरते, कडा सरळसोट, पाण्याखाली टप्पा आहे की खोल खड्डा ते वरून कळत नाही. तुम्ही वाट केली की गर्दी येणार, पोहायला उतरणार. उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार? आधी सातबारा काढा, जमीन गायरान आहे की खाजगी ते बघा. माझ्या मते भक्कम कुंपण घालावं आणि विषय संपवावा.

टाकीचा घाव
फिरस्ता दादा, तुम्ही भिंतीबद्दल छान लिहिलंत, पण ती फोडली कुणी ते एका शब्दानंही लिहिलं नाहीत. मी वडार घरातला. माझ्या आजोबांचा उजवा डोळा दगडाची चिपरी उडून गेला. कंत्राटदारानं औषधाला पैसे दिले ते उचल म्हणून, आणि पुढं मजुरीतून कापून घेतले. आजी डोक्यावर पाटी घेऊन खडी वाहायची, शेवटपर्यंत खोकला होता तिला.

आजोबांना काय येत होतं ते सांगतो. दगडावर हातोडा हलका मारायचे आणि कान द्यायचे. खणखणीत वाजला तर अखंड, बद्द वाजला तर आत तडा. शीर कुठून जाते ते बोटानं दाखवायचे आणि दगड तिथंच उघडायचा. वारसा हा आहे, आणि तो म्हाताऱ्या माणसांबरोबर चाललाय.

मी वाटेच्या विरोधात नाही, फुकटच्या श्रमदानाच्या विरोधात आहे. जोधपूरला मेहरानगडाखालच्या राव जोधा उद्यानाचं काम 2006 मध्ये सुरू झालं. खडकात घुसलेली वेडी बाभूळ काही केल्या हटेना. शेवटी दगडखाणीत काम करणारे खांडवालिया लोक मजुरीवर आणले. त्यांनी खडक फोडून मुळं काढली. आमच्या लोकांना तसं मजुरी देऊन बोलवा, माहिती सांगायचं कामही त्यांनाच द्या. फलकावर ‘स्थानिक कारागीर’ असं लिहून मोकळं होऊ नका.

नान्नजची वाट
टाकीचा घाव यांच्याशी सहमत. बाभूळ वरून तोडली तर पावसाळ्यात दुप्पट फुटते. पण फिरस्ता सर, एक बाजू पूर्ण सोडा. खाणीच्या कपारीत शृंगी घुबड असतं, आणि ते घरटं बांधत नाही, उघड्या दगडावरच अंडी घालतं. माणूस वर आला की मादी उठते, अंडी उन्हात पडतात. घुबडाची जोडी असलेल्या भिंतीकडे वाट नेणार असाल तर माझा ठाम विरोध.

सकाळचा फिरस्ता
टाकीचा घाव, तुमचं म्हणणं पूर्ण पटलं. आधी मजुरीची वर्गणी, मग काम. वाट तुमच्या घरातली जाणती माणसं आखतील, आम्ही कचरा उचलू, माती वाहू. घुबडाची बाजू सोडू.

जुळे सोलापूरकर, कुंपणाचं मात्र पटत नाही. तार चोरीला जाते, पोरं खांबांमधून आत शिरतात. ओसाड खाणीत कुणी बुडालं तर हाक ऐकायलाही माणूस नसतो. वर्दळ असेल तर निदान कुणीतरी हटकेल. पाण्याच्या बाजूला दगडी कठडा आणि वाट त्याच्या बाहेरून, एवढं नक्की करू.

जुळे सोलापूरकर
कठडा कोण बांधणार, आणि पाच वर्षांनी डागडुजी कोण करणार? कोलारची सोन्याची खाण 2001 मध्ये सरकारी कंपनीनं बंद केली, तिथले सायनाइड मिसळलेल्या मातीचे ढीग वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले. सरकारी खाणीची ही कथा, मग रविवारच्या गटाकडून मी काय धरू? तुमच्या मनाबद्दल मला शंका नाही, सर. पण तहसीलदारांकडे अर्ज करा, जागेची परवानगी लेखी घ्या, कठड्याचा खर्च कुणाचा ते त्यात येऊ द्या. तो कागद हातात येईपर्यंत मी माझ्या मुलांना तिकडं पाठवणार नाही आणि इतरांनाही पाठवू नका म्हणून सांगेन.

टाकीचा घाव
अर्जावर माझी सही घ्या. खाणीत काम केलेले माझे चुलते आहेत, त्यांचाही अंगठा घ्या.