८५व्या वर्षी खुब्याचं ऑपरेशन: करावं की वजन लावून झोपवावं?

निशिगंध: काल पहाटे आजी न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडली. वय ८५. खुब्याच्या मानेखाली, ट्रोकँटरपाशी (मांडीच्या हाडाचा वरचा उंचवटा) हाड मोडलंय. डॉक्टर म्हणतात उद्याच रॉड टाकू. काका म्हणतात, या वयात चिरफाड नको. पायाला वजन लावून झोपवू, हाड आपोआप जुळेल. माझा कल ऑपरेशनकडे आहे.

आप्पा सांगलीकर: काकांचं ऐका. हाडं पापड झालेली, स्क्रू धरणार कशात? आमच्या शेजारच्या आजोबांचा स्क्रू खुब्याचा बॉल (मांडीच्या हाडाचं गोल डोकं) फोडून वर आला. पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं.

हाडवैद्य नव्हे: (ऑर्थोचा निवासी डॉक्टर आहे.) ठिसूळ हाडात स्क्रू निसटतो, खरंय. म्हणूनच त्याचं टोक बॉलच्या मधोमध, खोलवर बसवतात. काकांचंही अर्धं बरोबर आहे. या जागी रक्तपुरवठा चांगला, हाड जुळतं. खुब्याची मान मोडली असती तर बॉलचा रक्तपुरवठा तुटण्याची भीती, म्हणून म्हाताऱ्या माणसाचा बहुतेकदा बॉलच बदलतात. पण जुळेपर्यंतचे दोन-तीन महिने आजी उताणी पडून काढणार का? पाठीला जखमा, छातीत कफ, पायात गुठळ्या. हाड जुळतं, माणूस हातचा जातो.

आप्पा सांगलीकर: नेदरलँड्सचा २०२२चा अभ्यास वाचा की. ऑपरेशन न केलेल्यांचं जीवनमान केलेल्यांपेक्षा वाईट नव्हतं.

जुई: आप्पा, पुढचं पान उलटा. ते रुग्ण नर्सिंग होममधले, अगदी थकलेले. ऑपरेशन न केलेल्यांपैकी बहुतेक सगळे महिन्याभरात गेले. शेवट कमी त्रासाचा व्हावा, म्हणून विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता तो. निशिगंधची आजी पहाटे आपल्या पायांनी न्हाणीघरात निघाली होती!

आप्पा सांगलीकर: बरं. मग आठवडाभर बीपी-शुगर तरी ताळ्यावर आणा. उद्याच कशाला?

हाडवैद्य नव्हे: आठवडा फार झाला. ब्रिटनमध्ये दाखल झाल्याच्या दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी करा असं सांगतात. उलट अति घाईचाही फायदा मर्यादित. १७ देशांतल्या २,९७० रुग्णांवरची चाचणी २०२०मध्ये आली. निदानानंतर साधारण ६ तासांत केलं काय नि २४ तासांत केलं काय, मृत्यू तेवढेच. भ्रम होण्याचं प्रमाण मात्र लवकर केलेल्यांत कमी होतं.

निशिगंध: आजीलाच विचारलं. म्हणाली, "मला कमोडवर कुणी उचलून बसवायचं नाही." काकांनी सही केली.

जुई: घरी आणताना हाडांच्या औषधाचं विचारा, सगळे विसरतात तेच. खुबा मोडलेल्यांना वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचं सलाईन दिलं, तर नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी झाली, मृत्यूही २८ टक्क्यांनी. २००७ची चाचणी. किडनी आणि ड जीवनसत्त्व आधी तपासून घ्या.

आप्पा सांगलीकर: माझं मत आहे तेच आहे. पण तो उंबरा आजच फोडा.