जीपच्या पत्राकामासाठी पहिलं वेल्डिंग मशीन: आर्क घेऊ की मिग? बजेट वीस हजार

नमस्कार मंडळी,

घरची जुनी एमएम ५४० जीप दुरुस्तीला काढली आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका गंजलाय की मॅट उचललं की खालची जमीन दिसते. तिथे १८ गेजचा, म्हणजे १.२ मिमीचा पत्रा बसवायचा आहे. मागच्या बाकांना स्क्वेअर पाईपची फ्रेमही करायची आहे. चॅसीला हात लावणार नाही, ते काम मुरलेल्या वेल्डरचंच.

हेल्मेट, हातमोजे धरून वीस हजारांत बसवायचंय. घरी सिंगल फेज, १६ अँपिअरचा पॉइंट. संध्याकाळी व्होल्टेज १९०च्या आसपास घसरतं.

दुकानदार म्हणतो, २०० अँपिअरचा आर्क इन्व्हर्टर (रॉडने वेल्डिंग करणारं छोटं मशीन) घ्या, सगळं होतं. मित्राच्या तशाच मशीनवर अडीच मिमीचा रॉड लावून पाहिला. पाईप झकास जुळला, पत्र्याला मात्र थेट भोक! आता गॅसलेस मिगकडे डोळा आहे (मिगमध्ये रॉडऐवजी वायर आपोआप पुढे सरकते, गॅसलेसला बाहेरून गॅस लागत नाही), कारण गॅस सिलिंडरचं डिपॉझिट आणि ने-आण नको वाटते. त्याने १.२चा पत्रा जमेल का? की निव्वळ विकण्यासाठीची बडबड?

प्रतिसाद

दादा, मशीन सर्वात पातळ पत्रा बघून घ्या, जाड बघून नाही. २००चा आकडा तुमच्या कामाला लागणारच नाही. गॅसलेसने १.२ जमतं, पण अगदी काठावर. ती वायर गरम चालते आणि शिंतोडे फार उडवते. म्हणून गॅस आणि गॅसलेस दोन्ही चालणारं मिग घ्या, सिलिंडर नंतर जोडता येईल. दुकानातच झाकण उघडून पोलॅरिटी, म्हणजे टॉर्च (वायर सोडणारी हातातली बंदूक) कुठल्या टोकाला, ती बदलता येते का ते बघा: गॅसलेस वायरला टॉर्च निगेटिव्हला, सीओटू गॅस आणि ०.८ मिमीच्या साध्या वायरला पॉझिटिव्हला. हे उलट राहिलं की लोक मशीनला शिव्या घालतात.

ड्युटी सायकलही विचारा. ६० टक्के म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटं वेल्डिंग, बाकी थंड व्हायला. आणि ती किती अँपिअरवर, तेही विचारा, नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका.

पत्र्यावर सलग ओढू नका. एकमेकांपासून लांब छोटे टाके मारा, हात लावण्याइतकं गार होऊ द्या, मग मधले भरा. नाहीतर फ्लोअरचा पापड होतो.

प्रतिसाद

वरच्यांशी सहमत. १९०वर मशीन चालेल का, ते मशीनच्या प्लेटवरच्या इनपुट व्होल्टेजच्या रेंजवरून कळेल. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायर लावलीत तर तिथेच आणखी व्होल्टेज पडेल. पत्रा गॅल्व्हनाइज्ड असेल तर वेल्डच्या जागेचं जस्त आधी घासून काढा, तो धूर वाईट. आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढल्याशिवाय जीपवर अर्थ क्लॅम्प (मशीनच्या परतीच्या वायरचा चिमटा) लावू नका.