आधी टीसी काढा म्हणणाऱ्यांना विनंती

रानजाई:
काल इथे एका सदस्यांनी लिहिलं, "एफवाय (पदवीचं पहिलं वर्ष) झालं की जुन्या कॉलेजातून टीसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) काढा आणि निवांत नवीन कॉलेज शोधा. आता एबीसी आयडी (पेपर पास झाल्यावर मिळणारे क्रेडिट जमा होतात त्या ऑनलाइन खात्याचा नंबर) आहे, क्रेडिट आपोआप जातात." खाली धन्यवादांची रांग. या सल्ल्याने मुलांचं वर्ष जाऊ शकतं, म्हणून सविस्तर लिहितेय. बीए-बीकॉम-बीएस्सीपुरतंच, इंजिनिअरिंगचे नियम वेगळे.

टीसी निघाली की नाव पटावरून कमी होतं. नव्या कॉलेजने नकार दिला तर परत घ्यायला जुनं कॉलेज बांधील नाही. निकालाची वाट न बघता नव्या कॉलेजात जाऊन एसवायला (दुसऱ्या वर्षाला) जागा आहे का, आपला मेजर-मायनर (मुख्य आणि दुय्यम विषय) तिथे चालतो का, हे विचारा. अर्ज, गुणपत्रिका, झालेल्या पेपरांचा अभ्यासक्रम हे सगळं इनवर्डला (आवक खिडकीवर) देऊन पोच घ्या. त्यांचं लेखी पत्र आलं की ते जोडून जुन्या कॉलेजची ना-हरकत मागा. टीसी सगळ्यात शेवटी. विद्यापीठ बदलत असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेटही लागतं, आणि ते विद्यापीठाकडून घ्यायचं असतं.

जुना_बाक:
तो प्रतिसाद माझाच. तुमचा क्रम कागदावर छान दिसतो हो. प्रत्यक्षात नव्या कॉलेजातला क्लार्क म्हणतो, "आधी टीसी आणा, मग बघू." जुनं कॉलेज म्हणतं, "त्यांचं पत्र आणा." पोरगं दोन खिडक्यांमध्ये हेलपाटे घालतं आणि प्रवेशाची तारीख निघून जाते. टीसी हातात असली की एक खिडकी तरी सुटते!

रानजाई:
खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर टीसी काढायची? अर्ज प्राचार्यांच्या नावे करा आणि "टीसी सादर करण्याच्या अटीवर तात्पुरता प्रवेश देत आहोत" एवढं लिहून मागा. ते लिहून द्यायला तयार नसतील तर जागा नाही असं समजा आणि जुन्या कॉलेजात एसवायचा फॉर्म भरा.

खडूमास्तर:
एबीसीचा गैरसमज आधी दूर करा. तिथे क्रेडिट फक्त जमा होतात, आणि तेही परीक्षा विभागाने चढवले तरच. आधारवरचं नाव आणि कॉलेजच्या नोंदीतलं नाव जुळलं नाही तर तिथेच अडतं. ते क्रेडिट मान्य करायचे की नाही हे नवं विद्यापीठ समकक्षता (दोन्हीकडचे अभ्यासक्रम किती जुळतात ते) बघून ठरवतं. तिथे एफवायला असलेला एखादा २ क्रेडिटचा पेपर तुमच्याकडे झालेलाच नसतो, मग तो मागचा पेपर म्हणून एसवायबरोबर द्यावा लागतो. स्वायत्त कॉलेजांचं तर आणखी अवघड, कारण अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा. एटीकेटी (पेपर राहिलेला असताना पुढच्या वर्षात प्रवेश) असेल तर विद्यापीठ बदलायच्या भानगडीत पडूच नका. राहिलेला पेपर जुनंच विद्यापीठ घेणार, आणि तो सुटेपर्यंत नव्या ठिकाणची पात्रता (प्रवेशाला विद्यापीठाची मान्यता) लटकणार.

कोयनाकाठ:
हे सगळं ठीक, पण खरा अडथळा पैशांचा आहे, त्यावर कोणीच बोलत नाही. टीसी मागितली की काही खासगी कॉलेजं म्हणतात, एसवाय-टीवायची (दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची) फी भरा, तुमची जागा रिकामी राहणार. ही सरळसरळ अडवणूक आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या अधिसूचनेत स्पष्ट आहे की फी चालू सेमिस्टर किंवा वर्षाचीच आगाऊ घेता येते आणि मूळ कागदपत्रं ठेवून घेता येत नाहीत.

जुना_बाक:
आणि कॉलेजने काय करायचं? एसवायला रिकामी झालेली जागा कोण भरणार? विनाअनुदानित तुकडीत शिक्षकांचा पगार त्या फीतूनच निघतो.

कोयनाकाठ:
तो हिशेब संस्थेचा. त्यासाठी विद्यार्थ्याचा कागद ओलीस ठेवायचा अधिकार कोणी दिला? परताव्याचे टप्पेही ठरलेले आहेत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत १०० टक्के (त्यातून ५ टक्के, पण जास्तीत जास्त ५,००० रुपये कापता येतात), त्यानंतर अंतिम तारखेच्या आत ९०, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, ३० दिवसांपर्यंत ५०, पुढे शून्य.

खडूमास्तर:
टप्पे बरोबर, पण एसवायला ते मोजायचे कुठून? बऱ्याच कॉलेजांत निकाल लागला की फीची लिंक येते आणि अंतिम तारीख नीट जाहीरच होत नाही. मग वाद होतो. म्हणून लिंक ज्या सूचनेतून आली त्या सूचनेची प्रत जपून ठेवा आणि रद्दीकरणाचा अर्ज तारखेसह इनवर्ड करा. तोंडी "मी सोडतोय" म्हटल्याचा दिवस कोणी धरत नाही.

कोयनाकाठ:
म्हणजे कॉलेजने तारीख लपवायची आणि पुरावे मुलांनी गोळा करायचे! हे तुम्हाला पटतं तरी कसं?

खडूमास्तर:
पटत नाही. पण तक्रार निवारण समितीपुढे रागापेक्षा पोचपावती चालते. प्रत्येक कॉलेजात ती समिती असते. तिथे भागलं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे जाता येतं.

रानजाई:
फीचा विषय महत्त्वाचा आहे, वेगळा धागा काढा. इथे शिष्यवृत्तीचं राहिलं. महाडीबीटीचा (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचा) अर्ज तुम्ही निवडलेल्या कॉलेजच्या लॉगिनला पडताळणीसाठी जातो. चालू अभ्यासक्रमात चुकून जुनं कॉलेज राहिलं तर अर्ज तिकडेच जातो आणि तिथे तुम्ही पटावर नसता. टीसी मिळाल्यावर हे आधी तपासा.

जुना_बाक:
बरं, "आधी टीसी" हे शब्द मागे घेतो. एकाच विद्यापीठात, जागेचं लेखी पत्र हातात असेल तरच काढा, असं वाचा. पण खिडकीवरचे हेलपाटे खरे आहेत, ते तुम्हीही मान्य करा.

रानजाई:
खरेच आहेत, कोण नाही म्हणतंय? आणि टीसी मिळाली की खिडकीवरून हलायच्या आधी वाचा. नाव बारावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आहे का, पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) बरोबर आहे का, शेवटच्या परीक्षेचा महिना-वर्ष आणि निकाल लिहिलाय का, शिक्का आणि सही आहे का. स्पेलिंगची चूक पात्रता विभागात सापडली की दुरुस्तीसाठी पुन्हा जुन्याच कॉलेजात जावं लागतं.