टोर्नेडोला 'वावटळ' म्हटलं तर चालेल?

पेठकरीण: १९२५च्या अमेरिकेतल्या टोर्नेडोवरचा लेख मराठीत करतेय. १८ मार्चला मिसुरी, इलिनॉय, इंडियाना या तीन राज्यांतून साडेतीनशे किलोमीटर गेला, ६९५ माणसं गेली. मी 'वावटळीचे ६९५ बळी' लिहिलं. संपादक म्हणतात, वावटळीत कोण मरतं? 'चक्रीवादळ' करा.

रंकाळ्याचा वारा: त्यांचं निम्मं बरोबर. वावटळ म्हणजे उन्हाळ्यात पाला उडवत येते आणि गच्चीवरच्या कुरडया धुळीनं भरते ती. पण चक्रीवादळ समुद्रावर तयार होतं, शेकडो किलोमीटर पसरतं, दिवस-दोन दिवस आधी कळतं. टोर्नेडो ढगातून खाली उतरतो, रुंदी सहसा काहीशे मीटर, इशारा मिळाला तर मिनिटांचा. सरळ 'टोर्नेडो' लिहा. बंगालीतही तेच म्हणतात, आणि त्यांनी सोसलंय. २६ एप्रिल १९८९ला बांगलादेशात माणिकगंजकडं अंदाजे १३०० माणसं गेली.

शुद्धमती: 'घूर्णवात' असताना टोर्नेडो कशाला?

तालमीतला: आमवात, संधिवात, घूर्णवात! आज्जी तेल गरम करायला घेईल की.

शुद्धमती: थट्टेनं शब्द मरत नाहीत. 'वावटळ'सुद्धा वात अधिक वर्तुळच.

रंकाळ्याचा वारा: मग 'र' कुठं उडाला? कोश बघून बोला.

सातबारा: माझी हरकत 'बळी'ला. देणारा कोण, घेणारा कोण? 'मृत्युमुखी' म्हणा. नोकरीत पंचनामे पुष्कळ केले. वळवानं पोल्ट्रीचे पत्रे पार उसात जाऊन पडले तरी कागदावर 'अंशतः पडझड', नाहीतर 'पूर्णतः'. 'उद्ध्वस्त' बातमीत. टोर्नेडोचंही तसंच आहे बघा. फुजिता श्रेणी शून्य ते पाच, ती ठरते पडझडीवरून. छप्पर गेलं, भिंती पडल्या, की नुसता पाया उरला, हे पाहून वाऱ्याचा वेग अंदाजतात. आधी पंचनामा, मग वादळाची प्रतवारी.

पेठकरीण: हे लेखात घालते. पाया उरला त्याला 'जमीनदोस्त' चालेल?

शुद्धमती: फारसी! 'भुईसपाट'.

तालमीतला: सपाट रस्ता करतात, ताई. भिंत ढासळते, पत्रा उडतो, कौलं निघतात. जे झालं ते लिहा.

शुद्धमती: 'पंचनामा'तला 'नामा'ही फारसीच, त्यालाही पर्याय हवा.

सातबारा: आधी उताऱ्यावरच्या 'जमिनी'ला शोधा, मग पंचनाम्याकडं या.