प्रति: सूचना पाठवताना नेमकं काय लिहायचं

मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींसाठी सरकारला सूचना पाठवण्याबद्दल इथे चर्चा चालू आहे. त्यात 'लघुउद्योगांचं हित जपा एवढं एकत्र सह्या करून कळवलं तरी पुरे' हे वर आलेलं मत पटलं नाही. वाटाघाटी आयात शुल्काच्या यादीतल्या एकेका ओळीवर होतात. एचएस कोड (प्रत्येक मालाला दिलेला वर्गीकरणाचा क्रमांक) नसलेलं पत्र कुठल्याच ओळीला लागू होत नाही. कोडचे पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे दोन भारताचे, म्हणून आठही अंक लिहा. भाईंदरच्या स्टीलच्या भांडीवाल्यांनी तयार भांडी (७३२३.९३) आणि कच्चा पत्रा (७२१९, ७२२०) दोन्हींवरचं शुल्क शेजारीशेजारी मांडावं. पत्र्यावर जास्त आणि भांड्यावर कमी असेल तर उलटं शुल्क (तयार मालापेक्षा कच्च्या मालावर जास्त) तिथेच उघडं पडतं.

चर्चेत उगमाच्या नियमांबद्दल (सवलतीसाठी माल कोणत्या देशाचा धरायचा ते ठरवणाऱ्या) कोणीच लिहिलेलं नाही, आणि खरी गळती तिथेच होते: कराराबाहेरचा माल सवलतीत आत येतो. २०१० पासून लागू असलेल्या आसियान (आग्नेय आशियाई देशांचा गट) आणि भारत यांच्यातल्या करारात सर्वसाधारण अट दुहेरी आहे: एफओबी किमतीच्या (जहाजावर माल चढवेपर्यंतच्या किमतीच्या) किमान ३५ टक्के मूल्य करारातल्या देशांतलं हवं, शिवाय कराराबाहेरून आणलेल्या कच्च्या मालाचा सहा अंकी कोड तयार मालात बदलायला हवा. कराराबाहेरच्या देशातल्या पत्र्याची भांडी केली की कोड आपोआप बदलतो, मग सगळी मदार त्या ३५ टक्क्यांवर. त्यामुळे आपल्या मालाचा किलोमागचा खर्च पत्रा, मजुरी, पॉलिश, नफा असा फोडून द्या आणि टक्केवारी किती हवी ते त्यावरून मागा.