मदत हवी आहे: नऊ वर्षांच्या जिम्नॅस्ट मुलीला निवासी केंद्रात पाठवावे का?

नमस्कार. आम्ही लातूरला राहतो. माझी मुलगी नऊ वर्षांची असून गेली तीन वर्षे ती जिम्नॅस्टिक्स करते. तिच्या प्रशिक्षकांचे म्हणणे असे, की इथे फोम पिट (उड्या शिकताना पडण्यासाठी फोमच्या तुकड्यांनी भरलेला खड्डा) नाही, पूर्ण मापाचे अनइव्हन बार (कमी-जास्त उंचीचे दोन आडवे दांडे) नाहीत, म्हणून तिला लवकरात लवकर संभाजीनगर किंवा पुण्याच्या निवासी केंद्रात घालावे, नाहीतर वय निघून जाईल. बीड-नांदेडची मुले लातूरला खोली करून अकरावी-बारावी करतात, ते आम्ही रोज बघतो. पण ती मुले सोळा वर्षांची असतात.

'वय निघून जाईल' या एका वाक्यापायी मी बरेच वाचले आणि गोंधळ वाढला. रोमानियाने लहान मुली हेरून सरकारी व्यवस्थेत घडवल्या. नादिया कोमानेचीने १९७६ मध्ये माँट्रिऑलला वयाच्या १४ व्या वर्षी पूर्ण १० गुण मिळवले. त्याच व्यवस्थेतल्या काही मुलींनी पुढे मारहाणीच्या आणि उपाशी ठेवल्याच्या हकिकती सांगितल्या. १९७६ ते २०१२ प्रत्येक ऑलिंपिकमध्ये सांघिक पदक मिळवणारा हा महिला संघ २०१६ मध्ये पात्रसुद्धा ठरला नाही. अमेरिकेत याउलट आईवडील खासगी क्लबची फी भरतात आणि मूल घरी राहते. सिमोन बाइल्स ह्यूस्टनजवळ अशीच घडली. पण तिथल्या राष्ट्रीय संघाच्या डॉक्टरने शेकडो मुलींचे लैंगिक शोषण केल्याचे उघड झाले, त्यामुळे मूल घरी राहिले म्हणजे निर्धास्त, असेही म्हणवत नाही.

मला धीर येतो तो दीपा कर्माकरमुळे. त्रिपुरातल्या आगरतळ्यासारख्या, महानगरांपासून दूरच्या शहरात बिश्वेश्वर नंदी यांच्याकडे शिकून ती २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकला व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावरून घ्यायची उडी) चौथी आली. कांस्यपदक अवघ्या ०.१५ गुणाने हुकले. मग लातूरला राहून, सुट्ट्यांत मोठ्या केंद्रावर सराव करून चालेल का? ज्यांची मुले निवासी केंद्रात आहेत, त्यांनी तिथले जेवण, शाळा आणि पालकांना सराव पाहू देतात की नाही, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद:

ताई, आपल्या प्रशिक्षकांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे. लवचिकता आणि पाया या वयातच पक्का होतो, आणि हवेतल्या दुहेरी कोलांट्या पिटशिवाय शिकवणे म्हणजे घोटे-गुडघे पणाला लावणे. घाईचे मात्र पटत नाही. १९९७ पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी त्या वर्षात १६ पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे नादियाच्या वयाची मुलगी आज ऑलिंपिकला उतरूच शकत नाही. बाइल्सने २०२४ मध्ये पॅरिसला २७ व्या वर्षी सुवर्ण जिंकले. उझबेकिस्तानची ओक्साना चुसोव्हितिना टोकियोत उतरली तेव्हा ४६ वर्षांची होती. आपल्या लेकीला अजून अवघड उड्यांचे वयच आलेले नाही.

उन्हाळ्यात एखाद्या केंद्राचे शिबिर असल्यास आधी तिथे पाठवून पाहा, आणि आपण स्वतः दोन दिवस थांबा. मुलींचे रोज वजन करतात का, रात्री वसतिगृहात महिला अधीक्षक असतात का, आणि घोटा सुजला तर सराव थांबवायचा निर्णय फिजिओचा की प्रशिक्षकाचा, हे तिथे विचारा. माझी मुलगी दोन वर्षे अशा एका केंद्रात होती. तिसरा प्रश्न आम्ही विचारला नव्हता.