मदत हवी आहे: मेंढ्यांच्या लेंड्यांतली जंतांची अंडी जतहून सांगलीपर्यंत कशी टिकवायची?

मी सांगलीत बीएस्सीच्या मुलांना प्राणीशास्त्र शिकवते. परजीवींचं प्रॅक्टिकल म्हणजे कपाटातल्या जुन्या स्लाइड बघायच्या, आकृती काढायची, जर्नलवर सही घ्यायची. यंदा तिसऱ्या वर्षाच्या सहा जणांना खरं काम द्यायचं ठरवलं. माणसांचे नमुने घ्यायचे तर एथिक्स कमिटी आली, म्हणून मेंढ्या. एकाच्या घरी जत तालुक्यात माडग्याळ मेंढ्या आहेत, त्यामुळे नमुन्यांना तोटा नाही.

मिठाच्या संपृक्त द्रावणात लेंड्या कालवून गाळल्या की अंडी वर तरंगतात. पहिला आठवडा हवेचे बुडबुडे मोजण्यात गेला. मग एकीला खरं अंडं सापडलं, आतला पेशींचा पुंजका स्पष्ट दिसत होता, आणि सगळे त्या एका मायक्रोस्कोपभोवती जमले. तो तास मी कधी विसरणार नाही. आता २ ग्रॅम लेंड्या, २८ मिली द्रावण, मॅकमास्टर स्लाइडच्या (अंडी मोजायची, कप्पे असलेली काचपट्टी) दोन्ही कप्प्यांतली अंडी मोजून गुणिले ५० म्हणजे एका ग्रॅममागची अंडी, हे सगळं मुलं माझ्याशिवाय करतात.

अडलंय ते पुढे. लेंड्या एसटीने सांगलीला येईपर्यंत उन्हाने तापतात आणि बरीचशी अंडी फुटून अळ्या बाहेर पडलेल्या असतात, मग मोजणीला अर्थ राहत नाही. पिशवीतली हवा दाबून काढली, थोडा फरक पडला. फॉर्मेलिनमध्ये ठेवावं तर अंडी मरतात, आणि आम्हाला ती जिवंत हवीत. कारण हिमोंकस (मेंढीच्या पोटात राहून रक्त पिणारा गोलकृमी) आणि इतर बऱ्याच गोलकृमींची अंडी दिसायला सारखीच. लेंड्या आठवडाभर ओलसर ठेवून अळ्या वाढवल्या तरच जात कळते. बर्फात ठेवावं तर हिमोंकसची अंडी थंडी सोसत नाहीत, म्हणजे कल्चरमध्ये (अळ्या वाढवायला ठेवलेल्या लेंड्यांत) नेमक्या त्याच्याच अळ्या कमी दिसणार. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून एक थंड आणि एक साधा आणायचा का? कुणी असं केलंय?

कल्चरवर बुरशीही फार येते. लाकडाचा भुसा मिसळून बघू का?

आणखी एक. त्या मुलाचे वडील विचारतात, "बाई, मग औषध पाजू का?" मुलांनी आकडा सांगावा, पण औषधाचं पशुवैद्यकांनीच ठरवावं, असं मी सांगितलंय. पण ते रोज कळपामागे उन्हात हिंडतात, त्यांना नुसता आकडा देऊन परत पाठवणं जिवावर येतं. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकलेलं कुणी इथे असेल तर कृपया लिहा, आमच्या स्लाइडचे फोटो बघाल का?